सोळा उमेदवार, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि इराकचं युद्ध: लंडनमधली माझी इलेक्शन ड्युटी

झेडपीच्या शाळेत ज्यांनी नोकरी केलीय त्यांना इलेक्शन ड्युटी काय असते हे वेगळं सांगायला नको. ऑर्डर आली की घरात लग्न असो नाहीतर पोरगं तापाने फणफणलेलं असो, तहसीलला ट्रेनिंगला हजर व्हायचं, आदल्या दिवशी पेट्या, शाई, लाख, सुतळी मोजून ताब्यात घ्यायची, एसटीत बसून कुठल्यातरी वाडीवर जायचं आणि शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून पडायचं. मी शेवटची ड्युटी केली ती 1999 च्या सप्टेंबरात, नाशिक जिल्ह्यात. कारगिल जुलैमध्ये संपलेलं, लोकसभा आणि विधानसभा एकत्र, म्हणून दोन पेट्या, लोकसभेची पांढरी मतपत्रिका, विधानसभेची गुलाबी, आणि गावात शिरताना भिंतींवर जवानांची चित्रं. त्यातलं एक चित्र आमच्या केंद्रापासून शंभर मीटरच्या आत होतं. हा प्रचार की देशभक्ती यावर आमच्या केंद्राध्यक्षांची आणि पोलीस पाटलांची चांगली हुज्जत झाली आणि शेवटी केंद्राध्यक्षांनी स्वतः चुन्याची बादली आणून ते पुसलं.

लग्न होऊन लंडनला आले तेव्हा म्हटलं चला, ही कटकट तरी सुटली. विल्सडन ग्रीनला भाड्याचं घर, नवऱ्याची आयटीतली नोकरी, मी काहीबाही पार्टटाइम करत होते. तर 2003 च्या उन्हाळ्यात लायब्ररीच्या बोर्डावर काउन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, नोटीस दिसली, पोटनिवडणुकीसाठी पोल क्लार्क (मतदान केंद्रावरचे कर्मचारी) पाहिजेत. मी फॉर्म भरला. नवरा म्हणाला तिकडे ऑर्डर आली की रडायचीस आणि इथे स्वतःहून चाललीस? काय सांगणार, सवय म्हणा.

जागा रिकामी झालेली ब्रेंट ईस्टची, म्हणजे आमच्याच मतदारसंघाची. तेव्हा सत्तेत असलेल्या लेबर पार्टीचे पॉल डेझ्ली, आधी ब्रेंट काउन्सिलचे लीडर होते, 2001 ला पहिल्यांदा खासदार झाले आणि 18 जून 2003 ला कॅन्सरने गेले. मतदान लागलं 18 सप्टेंबरला, गुरुवारी (इंग्लंडात मतदान गुरुवारीच असतं, सुट्टीबिट्टी काही नाही, लोक ऑफिसला जाता येता मत देतात). डेझ्लींच्या आधी 1987 पासून इथले खासदार केन लिव्हिंगस्टन. डेझ्ली 13 हजारांवर मतांच्या फरकाने आलेले. म्हणजे आपल्या भाषेत लेबरने दगड उभा केला तरी निवडून येईल असा मतदारसंघ. लिबरल डेमोक्रॅट तिसऱ्या नंबरवर होते, त्यांना कोणी विचारत नव्हतं.

पण मध्ये इराक झालं.

तेव्हाचं वातावरण आता सांगून कळायचं नाही. फेब्रुवारीत लंडनच्या रस्त्यावर लाखो लोक युद्धाविरुद्ध उतरले, 'नॉट इन माय नेम'चे फलक घेऊन, आमच्या गल्लीतून सुद्धा बायका ढकलगाडीत पोरं घालून गेल्या होत्या. तरी 18 मार्चला पार्लमेंटने 412 विरुद्ध 149 मतांनी युद्धाला होकार दिला, त्यात पंतप्रधान ब्लेअरच्या स्वतःच्या लेबर पक्षाचे 84 खासदार उलटे गेले. एप्रिलमध्ये सद्दामचा पुतळा पडला, बुश साहेबांनी मे महिन्यात मोठी लढाई संपली म्हणून जाहीर केलं, आणि संपलं काहीच नव्हतं. ज्या शस्त्रांसाठी गेलो म्हणाले ती सापडत नव्हती, जुलैमध्ये डॉक्टर डेव्हिड केली या शस्त्रतज्ज्ञाचा मृतदेह सापडला, त्यावर हटन यांची चौकशी बसली, ऑगस्टमध्ये बगदादला युनोच्या ऑफिसवर बॉम्ब, मग नजफला मशिदीबाहेर बॉम्ब, आणि ब्रिटिश पोरं बसऱ्यात. सकाळी ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) ज्याच्या हातात पेपर त्याच्या पहिल्या पानावर हेच. आणि ब्रेंट ईस्टला हे युद्ध लांबचं नव्हतं. क्वीन्स पार्कमधे अल-खोई फाउंडेशन आहे, शिया लोकांची मोठी संस्था. तिचे अब्दुल मजीद अल-खोई एप्रिलच्या सुरुवातीला, इतकी वर्षं परागंदा राहून, इथून इराकला परत गेले आणि 10 एप्रिलला नजफमध्ये त्यांना भोसकून मारलं. आमच्या मतदारसंघातला माणूस हो.

आईला फोनवर सांगितलं की निवडणुकीचं काम मिळालंय तर ती म्हणाली, "पितृपंधरवड्यात कसली गं निवडणूक घेतात?" खरंच पितृपंधरवडा चालू होता. आपल्याकडे या दिवसांत कोणी फॉर्मसुद्धा भरत नाही आणि इथे सोळा जण उभे!

ट्रेनिंग एका संध्याकाळीच उरकलं. त्यात जे कळलं ते ऐकून मी चाट पडले. ओळखपत्र तेव्हा लागत नव्हतं (2023 पासून लागतं). काउन्सिलने पाठवलेलं पोलकार्ड घरी राहिलं तरी चालायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, यादीत असलं की मतपत्रिका द्यायची. शाई नाही. पोलीस असलाच तर चक्कर मारून जातो. फारच संशय आला तर केंद्राध्यक्षाने दोन ठरलेले प्रश्न विचारायचे, यादीतली ही व्यक्ती तूच का, आणि तू आधी मत दिलंस का. तो हो आणि नाही म्हणाला की संपलं. मी हात वर करून विचारलं की खोटं बोलला तर? ट्रेनर म्हणाले तर तो गुन्हा आहे. बस. आमच्याकडच्या एजंट लोकांना हे कळलं तर विमान भरून येतील असं मनात आलं, पण गप्प बसले.

दुसरी गोष्ट मतदानाच्या हक्काची. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत आहे. म्हणजे माझा निळा भारतीय पासपोर्ट, ब्रिटिश व्हायचा विचारसुद्धा नाही, तरी मला मत. आयरिश लोकांना मत, किलबर्न तर तेव्हा आयरिश लोकांनी भरलेलं. पण फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश माणूस वीस वर्षं इथे टॅक्स भरत असला तरी त्याला पार्लमेंटसाठी मत नाही, तेव्हा फक्त काउन्सिल आणि युरोपियन पार्लमेंटसाठी होतं. यादीत त्यांच्या नावाशेजारी एक अक्षर छापलेलं असायचं, ते बघून आपण नाही म्हणायचं. आणि त्याच वेळी भारतात मला मत नाही, कारण परदेशात राहणाऱ्यांना तो हक्क तेव्हा नव्हताच, तो कायदा 2010 ला बदलला. म्हणजे वाजपेयींना मी मत देऊ शकत नाही किंवा पाडू शकत नाही पण ब्लेअरच्या उमेदवाराला पाडू शकते. माझं स्वतःचं मत मी आधीच पोस्टाने दिलं होतं, कुणाला ते सांगणार नाही.

मतदान सकाळी 7 ते रात्री 10. आम्ही सहाच्या आधीच पोचलो. जागा एका प्रायमरी शाळेचा हॉल, भिंतीवर पोरांच्या हाताचे रंगीत ठसे, एका कोपऱ्यात जिमची गादी. केंद्राध्यक्ष म्हणजे एक उंच, पांढऱ्या केसांच्या रिटायर्ड बाई होत्या, आयुष्यभर काउन्सिलमध्येच काम केलेल्या, येताना थर्मास, उशी आणि विणकाम घेऊन आलेल्या. मी धपाटे आणि लोणचं घेऊन गेले होते कारण पूर्ण दिवस हलता येत नाही. बूथ म्हणजे लाकडी आडोसे, त्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. हो, पेन्सिल! मी म्हटलं अहो ही तर खोडता येते. बाई म्हणाल्या, दरवेळी कोणीतरी हे विचारतं, आणि विणायला लागल्या.

मतपत्रिका लांबच लांब, सोळा नावं, आडनावाच्या क्रमाने. वर पहिलं नाव जितेन बारद्वाज, खाली शेवटी जॉर्ज वाइस. मध्ये लेबरचे रॉबर्ट एव्हान्स, ते युरोपियन पार्लमेंटमध्ये लंडनचे मेंबर होते. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या उमा फर्नांडिस, नाव वाचून मला आधी गोवाच आठवला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाची सारा टीदर, वय 29. मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टीचे ॲलन होप, ही पार्टी खरंच आहे, टवाळीसाठीच काढलेली. आणि तो ॲरन बार्शाक, ज्याने जूनमध्ये प्रिन्स विल्यमच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या पार्टीत बिन लादेनचा वेष करून घुसखोरी केली होती, तोही उभा. आणि एका उमेदवाराच्या नावाखाली पक्षाचं नाव छापलेलं: पब्लिक सर्व्हिसेस नॉट वॉर. फवझी इब्राहिम असं त्यांचं नाव. या ओळीने पुढे जो घोळ झाला तो सांगते.

काम असं. मतदार आला की नाव पत्ता विचारायचा, यादीत पट्टी लावून नावावर रेघ मारायची, नंबर मोठ्याने वाचायचा आणि तो नंबर मतपत्रिकेच्या काउंटरफॉइलवर (पुस्तकात मागे राहणाऱ्या तुकड्यावर) लिहायचा. मग बाई ती मतपत्रिका फाडून एका छोट्या यंत्रात घालून दाबणार, खटक, कागदाला बारीक भोकांचा शिक्का. तो शिक्का नसेल तर मत बाद. पुढे काही वर्षांनी हे यंत्र आणि काउंटरफॉइल दोन्ही बंद झालं, पण तेव्हा होतं. काउंटरफॉइल मला ओळखीचंच होतं, आपल्याकडे मतदाराची सही नाहीतर अंगठापण घ्यायचो. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग तुम्ही आमच्यापेक्षा कडक आहात. मी म्हटलं शिकवलं तुम्हीच.

सकाळी ऑफिसला जाणाऱ्यांची गर्दी, मग शांत. दाराबाहेर पक्षांचे लोक कोटाला रिबिनीची फुलं लावून खुर्च्या टाकून बसलेले, मत देऊन येणाऱ्याला नंबर विचारणारे, कोण आलं कोण राहिलं याचा हिशेब ठेवायला. एकमेकांना बिस्किटं देत होते, हे मात्र मला फार आवडलं. अकराच्या सुमाराला गुजराती बायकांचा घोळका आला, पांढऱ्या साड्या, वर कार्डिगन. एक बा माझ्याकडे बघून एकदम खूश, "बेन, आमां क्यां चोकडी करवानी?" मी माझ्या तोडक्यामोडक्या गुजरातीत सांगितलं की ज्याला द्यायचंय त्याच्यासमोर. त्या म्हणाल्या ते मला माहितीये गं, पण एवढ्या नावांत ते सापडणार कसं? त्यांचा नातू आत येऊन मदत करतो म्हणत होता, बाईंनी त्याला थांबवलं, वाचता येत नसेल किंवा दिसत नसेल तरच सोबत कोणी जाऊ शकतं आणि त्यालाही आधी डिक्लेरेशन द्यावं लागतं. बांना वाचता येत होतं, फक्त चष्मा दुसरा आणला होता. शेवटी बाईंनी आपला चष्मा दिला, आणि तो चालला!

एक फ्रेंच बाई आली, शाळेतलीच कोणीतरी असावी, पोरं तिला ओळखत होती. नावाशेजारी अक्षर. मी सॉरी म्हणून सांगितलं. ती म्हणाली मला माहीत होतं, पण तरी आले, कारण माझ्या देशाने या युद्धाला विरोध केला म्हणून सहा महिने मी इथे टोमणे खातेय, म्हटलं निदान नाही ऐकायला तरी जाऊ. मग तिने मला विचारलं तू कुठली. मी इंडिया म्हटल्यावर तिने फक्त भुवया वर केल्या.

दुपारी तो टी-शर्टवाला. पंचविशीचा मुलगा, छातीवर मोठ्या अक्षरांत स्टॉप द वॉर. मतदान केंद्रात प्रचाराचं काही घालून यायचं नाही हा नियम इथेही आहे. बाहेर बसलेल्यांपैकी एकजण दारातून डोकावून म्हणाला, हा प्रचार आहे. मुलगा म्हणाला प्रचार कुणाचा? युद्ध ही काय पार्टी आहे का? बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं, मतपत्रिकांचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून सोळाच्या सोळा ओळी वाचल्या. मग त्याला म्हणाल्या की बाळा, एरवी मी तुला सोडलं असतं, तुझं मत तुझ्यापाशी, पण आज या कागदावर एका उमेदवाराच्या नावाखाली वॉर हा शब्द छापलेला आहे आणि तोही विरोधातच आहे, तेव्हा तुझा शर्ट त्याचा प्रचार होतो. मुलगा म्हणाला, मी त्याला मत देणारच नाहीये! बाई पटकन म्हणाल्या, कुणाला देणार ते सांगू नकोस, आणि जॅकेटची चेन लाव. त्याने लावली. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत चेन लावून बूथमध्ये गेला, बाहेर पडताना दारातच खर्रकन उघडली. मला नाशिकचे आमचे केंद्राध्यक्ष आणि त्यांची चुन्याची बादली आठवली. दोघांना एकमेकांशेजारी बसवायला पाहिजे होतं.

नंतर जरा वेळ कोणी नव्हतं तेव्हा बाई म्हणाल्या, तुमचा देश सैन्य पाठवणार होता ना इराकला? मी म्हटलं, अमेरिकेने मागितलं होतं, जुलैमध्ये आमच्या सरकारने नाही म्हणून कळवलं. त्यांनी मान हलवली. त्यांचा भाचा बसऱ्याला होता, हे त्यांनी एवढ्यातच, वीण मोजता मोजता सांगितलं आणि त्यावर पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. तिथे बसून कोणीच काही म्हणायचं नसतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक बाप-लेक आले. मुलगा विशीतला, सुपरमार्केटच्या युनिफॉर्ममध्ये, यादीत नाव होतं. बापाचं नव्हतं. मुलगा म्हणाला, बाबांनी अजून सिटिझनशिप घेतली नाही, ते फक्त माझ्याबरोबर आलेत. बाईंनी बापाला भिंतीपाशी बसायला सांगितलं, तिथे पहिलीच्या पोरांच्या खुर्च्या, एवढा धिप्पाड माणूस त्यावर गुडघे छातीला लावून बसला. मी मुलाच्या नावावर रेघ मारली, नंबर वाचला, काउंटरफॉइलवर लिहिला. आणि बाप ताडकन उठला.

"त्याचा नंबर का लिहिलास?"

मी म्हटलं नियम आहे. त्याने टेबलापाशी येऊन मतपत्रिका बघितली. तिच्यावर छापील नंबर, तोच नंबर काउंटरफॉइलवर, आणि त्याच्याशेजारी मी लिहिलेला त्याच्या मुलाचा नंबर. त्याला एका क्षणात सगळं कळलं. तो मुलाशी अरबीत भराभरा बोलायला लागला, मुलगा लाजून इंग्रजीत म्हणत होता की बाबा, हे इराक नाही, चला, लोक बघतायत. मागे खरंच चारपाच जण थांबलेले. बाईंनी शांतपणे समजावलं की ही काउंटरफॉइलं रात्री सीलबंद होतात, मतपत्रिका वेगळ्या सीलबंद होतात, वर्षभर ठेवतात आणि नंतर नष्ट करतात, निवडणुकीत घोटाळा झाल्याची केस झाली तर कोर्टाच्या हुकमानेच उघडतात.

"म्हणजे उघडता येतं," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, "हो, येतं."

दुसरं कोणी असतं तर छे छे, तसं काही नसतं म्हणून वेळ मारून नेली असती. मी पण तेच म्हणणार होते, तोंडावर आलं होतं. बाईंनी खरं ते सांगितलं आणि तो एकदम शांत झाला. मुलगा मतपत्रिका घेऊन बूथमध्ये गेला. सोळा नावं वाचायला वेळ लागतोच, तेवढ्यात बाप माझ्याशी बोलला. गेल्या ऑक्टोबरात आमच्याकडे मतदान झालं माहितीये ना, म्हणाला. माहीत होतं, पेपरात आलं होतं, सद्दामला शंभर टक्के मतं, शंभर टक्के मतदान. म्हणाला, "माझा भाऊ बसऱ्यात, त्यानेही दिलं. नाही कसं देणार, कागदावर नंबर होता की नव्हता ते बघायला तो थांबला असेल का?" मग विचारलं तू कुठली, मी हिंदुस्थान म्हटलं. तुला इथे मत आहे? आहे. ब्रिटिश झालीस? नाही. तो मोठ्याने हसला, वाईट वाटून नाही, खरंच मजा वाटून. म्हणाला, बॉम्ब माझ्या गावावर पडले आणि मत तुझं. मी काय बोलणार यावर.

मला वाटलं होतं हा युद्धाला शिव्या घालेल. तर तो म्हणाला मला मत असतं तर मी ब्लेअरला दिलं असतं. बाईंनी बोट वर केलं, इथे नाही, प्लीज. तो म्हणाला बाई, मला मतच नाही तर मी कसला प्रचार करणार? सद्दाम गेला याच्यासाठी मी बावीस वर्षं वाट बघितली. आता भावाकडे वीज नाही, पाणी नाही, त्याला फोन लागत नाही, पण सद्दाम गेला. आणि हा (बूथकडे बोट दाखवून) म्हणतो चूक झाली, मोर्चाला गेला होता, कारण हा तिथे वाढला नाही. मुलगा कागदाच्या इतक्या घड्या घालून आला की पेटीच्या फटीत जाईना, बाईंनी पट्टीने ढकलला. दारात पोचेपर्यंत दोघांची परत जुंपली, अरबीत, हातवारे करत. बाहेर बसलेल्याने मुलाला नंबर विचारला तर बापच ओरडला, "नो नंबर!"

रात्री दहाला दार बंद. पेटीला सील, वापरलेल्या, उरलेल्या, खराब झालेल्या मतपत्रिकांचा हिशेब जुळवायचा, काउंटरफॉइलांचं पाकीट, यादीचं पाकीट, सगळ्यावर सह्या. हिशेब पहिल्या फटक्यात जुळला, नाशिकला कधी जुळला नव्हता. बाई पेटी गाडीत घालून मोजणीला घेऊन गेल्या, मी बसने घरी. आपल्याकडे पेटीबरोबर बंदूकवाला पोलीस असायचा. इथे एक बाई, तिची छोटी गाडी आणि मागच्या सीटवर पेटी आणि विणकामाची पिशवी.

मध्यरात्रीनंतर टीव्हीवर निकाल आला. सारा टीदर 8,158, रॉबर्ट एव्हान्स 7,040, उमा फर्नांडिस 3,368. लेबरचा तेरा हजारांचा डोंगर गेला आणि तिसऱ्या नंबरचा पक्ष 1,118 मतांनी आला. 1988 नंतर पहिल्यांदा लेबरने पोटनिवडणुकीत आपली जागा घालवली. टीदर त्या पार्लमेंटची सगळ्यात तरुण मेंबर झाली. पब्लिक सर्व्हिसेस नॉट वॉर वाल्यांना 219. बिन लादेनवाल्या बार्शाकला 37. जॉर्ज वाइस यांना 11, आणि उमेदवारी अर्जावर सह्याच दहा लागतात! सोळापैकी तेरा जणांचं डिपॉझिट जप्त, प्रत्येकी 500 पाउंड.

दुसऱ्या दिवशी पेपरांनी लिहिलं की इराकने लेबरला पाडलं. आता मी काय म्हणते ते ऐका, मी दिवसभर तिथे बसले होते. युद्ध होतंच, त्याशिवाय एवढा उलटफेर होत नाही, पार्लमेंटमध्ये युद्धाविरुद्ध गेलेला मोठा पक्ष लिबरल डेमोक्रॅटच होता आणि हुजूर पक्ष तर ब्लेअरच्याच बाजूचा, त्यामुळे रागावलेल्याला जायला एकच दार होतं. शिवाय पोटनिवडणुकीत सरकार पडत नाही, नुसता फटका देता येतो, हे लोकांना बरोबर कळतं, आपल्याकडेही कळतं. पण मतदान झालं फक्त 36 टक्के. ज्याने युद्धाला मत दिलं नाही आणि युद्धाविरुद्धही दिलं नाही असा दोन तृतीयांश मतदारसंघ घरी बसला होता, त्याची बातमी कोणी केली नाही.

त्यातला एक मला लगेच रविवारी भेटला. डॉलिस हिल लेनला आपलं महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे गेलो होतो. एक काका, साठच्या दशकात आलेले, जन्मभर लेबर. काकूंचं म्हणणं की लोक पार्किंग आणि हॉस्पिटलवरून चिडले, युद्धाचं काही नाही. दुसरे एक जण म्हणत होते की सगळं इराकच. काका गप्प. मी विचारलं काका, तुम्ही दिलंत का मत? म्हणाले, "नाही गेलो. लेबरला द्यायला मन होईना आणि दुसऱ्याला द्यायला हात उचलेना. दार लावून चहा पीत बसलो." काकू म्हणाल्या, "चहासुद्धा मीच केला."

पुढच्या जूनमध्ये, 2004 ला, युरोपियन पार्लमेंट आणि लंडनच्या मेयरची निवडणूक होती, त्यालाही मी ड्युटी घेतली. या वेळी त्या फ्रेंच बाईला मत होतं, मलाही होतं. मधल्या काळात एप्रिलमध्ये आपल्याकडे लोकसभा झाली. आईने फोनवर सांगितलं की गावच्या यादीत तुझं नाव अजून तसंच आहे, काढलेलं नाही, आणि एक कार्यकर्ता घरी येऊन गेला, म्हणाला ताई लंडनला आहेत तर त्यांचं मत उगाच वाया कशाला घालवायचं, आपल्याकडे एक मुलगी आहे त्यांच्याच वयाची. मी म्हटलं, मग तू काय म्हणालीस? आई म्हणाली, "हाकलून दिला त्याला. पण मेला तो, जाता जाता स्लिप घेऊन गेला."